दोनचे ठोके, पांढरी साडी आणि इंदूरचा आवाज

मंडळी, ऑक्टोबर संपत आला की आमच्या भंवरकुआंला हल्ली एक नवाच सण लागतो. ज्यांनी इंदूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: भंवरकुआं म्हणजे कोचिंग क्लास, होस्टेल, मेस आणि फोटोकॉपीची दुकानं. माळवा-निमाडातल्या गावागावांतून स्पर्धा परीक्षांच्या तयारीला आलेली मुलं इथे दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या आवडत्या कॅफेंमध्ये दिवाळीच्या कंदिलांशेजारी नारिंगी कागदी भोपळे आणि प्लास्टिकचे सांगाडे लटकतात. आमच्या आईला हे अजिबात पटत नाही. ‘आपले पितर भाद्रपदात जेवून गेले, आता हे कोणाचे आले?’ असा तिचा रोकडा सवाल असतो. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशीच होती. पहाटे अभ्यंगस्नान, पायाखाली कारीट, आणि रात्री हॅलोविन!

मला या सणाचं एक निमित्त मात्र आवडतं. त्या रात्री आमच्याकडे भावंडं, शेजारचे आणि वरच्या मजल्यावरची दोन-तीन होस्टेलवाली मुलं जमतात आणि आम्ही भुताचे सिनेमे बघतो. अट एकच, सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट हवा. पहिल्या वर्षी यावरून बरीच कुरकुर झाली. ‘दादा, यात घाबरायचं काय?’ मी ‘महल’ लावला.

पहिली पंधरा-वीस मिनिटं पोरं हसत होती. अशोककुमारचे हावभाव, ती संथ बोलणी, सगळ्यावर टीकाटिप्पणी चालू. मग त्या ओसाड वाड्यात घड्याळाने दोनचे ठोके दिले आणि कुठूनतरी लांबून एक बाई गायला लागली. ती दिसत नाही. नायक दिवाणखान्यातून जिन्यावर, जिन्यावरून गच्चीकडे तिला शोधत फिरतो, आणि आवाज कधी जवळ तर कधी दूर. खोलीत कोणी हललं नाही. पॉपकॉर्नचा वाडगा तसाच राहिला.

ते गाणं म्हणजे ‘आयेगा आनेवाला’. साल १९४९. बॉम्बे टॉकीजचा चित्रपट, कमाल अमरोहींचं पहिलं दिग्दर्शन, संगीत खेमचंद प्रकाश यांचं, आणि संकलन बिमल रॉय यांचं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पडद्यावरची मधुबाला तेव्हा अवघी सोळा वर्षांची होती. आणि आवाज ज्या मुलीचा, ती आमच्या इंदूरच्या सिख मोहल्ल्यात २८ सप्टेंबर १९२९ रोजी जन्मलेली. भंवरकुआंहून तिथे जायला ट्रॅफिक नसेल तर रिक्षाने फार वेळ लागत नाही. (ट्रॅफिक नसणं हेच इथलं खरं भूत. ऐकलंय सगळ्यांनी, पाहिलेलं कोणी नाही.)

त्या लांबून येणाऱ्या आवाजाची युक्ती लतादीदींनीच पुढे मुलाखतींतून सांगितली होती. आजच्यासारखी यंत्रं नव्हती, मिक्सिंगच्या सोयी तुटपुंज्या. मग मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला, दीदी कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या ओळी गात गात एकेक पाऊल मायक्रोफोनकडे चालत आल्या. आपल्याला ऐकू येतं ते खरोखरचं अंतर आहे. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं, तेव्हा हा परिणाम आज एका बटणावर मिळतो हे मला ठाऊक आहे. पण त्या बटणाने माणूस चालत आल्यासारखं काही वाटत नाही.

आणखी एक गंमत. ‘महल’च्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! तेव्हाची पद्धतच तशी होती. गाणं रेडिओवर लागलं आणि ही कोण गाते म्हणून श्रोत्यांची पत्रं येऊ लागली, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. म्हणजे काही काळ सगळा देश एका बिननावाच्या, बिनचेहऱ्याच्या आवाजाच्या मागे होता. नेमका तसाच, जसा सिनेमातला नायक.

‘महल’च्या काळोखाचीही एक वंशावळ आहे. कॅमेरा होता योझेफ विर्शिंग या जर्मन माणसाचा. जर्मनीत ‘डॉक्टर कॅलिगरी’ (१९२०) आणि ‘नोस्फेराटू’ (१९२२) हे सावल्यांचे सिनेमे निघाले, त्याच सुमारास तो म्युनिकला काम शिकला. १९२५ मध्ये ‘लाइट ऑफ एशिया’च्या निमित्ताने भारतात आला, पुढे बॉम्बे टॉकीजमध्ये रुजला, आणि दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन म्हणून त्याला नजरकैदेत टाकलं. सुटल्यावर त्याने ‘महल’ टिपला. त्या वाड्यातल्या खांबांच्या सावल्या म्युनिकहून निघून मुंबईच्या मालाडला पोहोचल्या आहेत. त्यांच्यात वावरणारा नायक खांडव्याचा आणि त्याला बोलावणारा आवाज इंदूरचा. आम्हा मध्य प्रदेशी मराठी माणसांना एवढा अभिमान बाळगायला हरकत नसावी.

पण वंशावळीपेक्षा मला यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हे सिनेमे ओळीने पाहिलेत तर तुमच्याही लक्षात येईल, की त्यातलं भूत बहुतेकदा भूत नसतंच. पांढरी साडी नेसलेली बाई, मेणबत्ती, धुकं, गाणं हे सगळं कोणीतरी कोणासाठी तरी रचलेलं असतं. कधी प्रेमापोटी, कधी सूडापोटी, आणि बऱ्याचदा इस्टेटीसाठी. (मराठी घरांत इस्टेटीचा विषय निघाला की अंगावर काटा येतो, तो उगाच नाही.)

‘बीस साल बाद’ (१९६२) घ्या. हेमंतकुमार निर्माते आणि संगीतकारही. कॉनन डॉइलच्या ‘बास्करव्हिल’च्या कुत्र्याला आपल्याकडे आणताना कुत्रा गायब झाला आणि त्याच्या जागी गाणारी बाई आली! हा बदल मला फार बोलका वाटतो. इंग्रजांना माळरानावरचं विव्हळणं पुरेसं होतं, आपल्याला भीतीसुद्धा सुरात लागते. ‘कहीं दीप जले कहीं दिल’ हे त्यातलं गाणं लतादीदींनी मोठ्या आजारातून उठल्यावर गायलं आणि त्याला फिल्मफेअर मिळालं. सिनेमा मधेमधे रेंगाळतो, विनोदी प्रसंग तर सरळ पुढे ढकला. पण गाण्याची वेळ आली की आवाज वाढवा.

त्याच बीरेन नाग यांनी १९६४ मध्ये ‘कोहरा’ केला, डाफ्ने दु मॉरिएच्या ‘रेबेका’ कादंबरीवर. हिचकॉकने याच कादंबरीवर १९४० मध्ये चित्रपट केला होता. तो जरूर बघा, पण आधी ‘कोहरा’ बघा, कारण त्यात येवल्याच्या ललिता पवार आहेत. मेलेल्या मालकिणीवर अजून माया करणारी, नव्या सुनेकडे नुसती बघत राहणारी दाई. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला होता. त्या डोळ्याने त्यांना पुढे कित्येक खाष्ट सासवांच्या भूमिका दिल्या. इथे मात्र त्या फारशा ओरडत नाहीत. दारात उभ्या राहतात आणि वहिदा रहमानइतकेच आपणही मागे सरकतो.

आता ‘वह कौन थी’ (१९६४). पावसाळी रात्र, गाडीचे वायपर बंद पडलेले, पुढचं काही दिसत नाही, आणि रस्त्यात मधोमध पांढऱ्या साडीतली साधना उभी. डॉक्टर तिला गाडीत घेतो. त्याला रस्ता दिसत नाही, तिला दिसतो. पुढचं सांगत नाही. राज खोसला यांनी पहिल्या काही मिनिटांत जे केलंय त्यावर पुढचे कित्येक रामसेपट पोसले गेले. ‘नैना बरसें’च्या चित्रीकरणाचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. लतादीदींचं ध्वनिमुद्रण वेळेवर होऊ शकलं नाही, म्हणून संगीतकार मदनमोहन यांनी स्वतःच्या आवाजात गाणं भरून दिलं आणि बाहेरगावी साधनाने त्या पुरुषी आवाजावर ओठ हलवले. बघायला जमलेल्यांना काय वाटलं असेल!

या सिनेमाबद्दल मात्र मला हसण्यापलीकडचं काही सांगायचंय. त्यातला नायक डॉक्टर आहे, शहाणासुरता आहे. त्याला काही गोष्टी दिसतात, ऐकू येतात, आणि आजूबाजूचे सगळे शांतपणे सांगतात की तुला भास होतात. हळूहळू त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच विश्वास उडतो. तुम्ही तरुण मंडळी इन्स्टाग्रामवर दिवसातून दहादा ‘गॅसलायटिंग’ म्हणता ना, ते हेच. तो शब्दसुद्धा अशाच गोष्टीतून आला आहे. पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८ चं ‘गॅस लाइट’ हे नाटक आणि त्यावरचा १९४४ चा इन्ग्रिड बर्गमनचा ब्लॅक अँड व्हाइट चित्रपट. नवरा वरच्या मजल्यावर चोरून दागिने शोधतो, तिथे तो दिवा लावतो म्हणून खाली बायकोच्या खोलीतला गॅसचा दिवा मंदावतो, आणि ती विचारते तेव्हा तो म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ.

आमच्या त्या रात्रीच्या मंडळींत माझी एक मावसबहीण होती. सिनेमा संपल्यावर बाकीचे रहस्यावर वाद घालत होते, ही गप्प. नंतर भांडी विसळताना म्हणाली, ‘दादा, आमचे मॅनेजर मीटिंगमध्ये एक सांगतात आणि दुसऱ्या दिवशी म्हणतात, मी असं बोललोच नाही, तू नीट ऐकत नाहीस. चार महिने झाले. मला वाटायला लागलं होतं की माझे कान तपासून घ्यावेत.’ मी काही बोललो नाही, बोलण्यासारखं काय होतं? पण त्या सोमवारपासून ती प्रत्येक मीटिंगनंतर दोन ओळींचा मेल पाठवायला लागली: आज असं असं ठरलं, चुकलं असल्यास कळवावे. सहा-सात मेल गेले, एकदाही ‘चुकलं’ असं उत्तर आलं नाही. तिने कान तपासले नाहीत. पुढे तिने नोकरीही बदलली, पण घाबरून नाही, तारीखवार मेल हातात ठेवून.

‘मधुमती’ (१९५८) मी नेहमी शेवटी ठेवतो. दिग्दर्शक बिमल रॉय, ‘महल’चे ते संकलक. कथा ऋत्विक घटक यांची, संगीत सलिल चौधरी यांचं, आणि ‘आजा रे परदेसी’साठी लतादीदींना फिल्मफेअर. विनोदी बाजू सांभाळणारा जॉनी वॉकर पुन्हा आमच्या इंदूरचाच, त्यालाही याच चित्रपटासाठी फिल्मफेअर मिळालं. इथे सगळा डाव उलटा आहे. आतापर्यंत खोटं भूत उभं करायचे ते कारस्थानी लोक. ‘मधुमती’त ते सोंग रचतो तो नायक, खुन्याच्या तोंडून कबुली काढण्यासाठी. सोंग ठरल्याप्रमाणे उभं राहतं, खुनी घामाघूम होतो... आणि मग बिमलदा आपल्याला असं काही दाखवतात की वरच्या मजल्यावरचा एमपीपीएससीवाला मुलगा सरळ उठून दिवा लावून आला.

मराठीत म्हणाल तर राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४). काशिनाथ घाणेकर, भावना आणि ‘या डोळ्यांची दोन पाखरे’. बायको डोळ्यांदेखत गेली, आणि तीच बायको आता आरोपी म्हणून न्यायालयात उभी, मी तुमचीच म्हणणारी. पुन्हा तोच पेच: स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की समोरच्यावर? राज खोसलांनी यावरच ‘मेरा साया’ (१९६६) केला. तो रंगीत आहे, गाणी सुरेख आहेत, पण कोडं मला ‘पाठलाग’मध्येच जास्त टोचतं. मराठीतल्या ‘पाखरां’ना आवाज आशाताईंचा होता, हिंदीत नायिकेची हाक आली ती लतादीदींच्या आवाजात. दोन्ही एकामागोमाग ऐकून बघा. घरात वाद होईल, होऊ द्या.

लहान मुलं असतील तर मेहमूदचा ‘भूत बंगला’ (१९६५) लावा, त्यात राहुलदेव बर्मन चक्क अभिनय करतात. ‘सायको’ (१९६०) मोठ्यांसाठी. त्यातल्या न्हाणीघराच्या प्रसंगात वाहतं ते रक्त चॉकलेट सिरपचं होतं. रंगात ते चाललं नसतं, काळ्या-पांढऱ्यात चाललं.

एक कळकळीची सूचना. नेटवर आता या चित्रपटांच्या रंगवलेल्या, ‘एआय’ने चकचकीत केलेल्या प्रती फिरतात. त्या लावू नका. सॉफ्टवेअर सावलीतसुद्धा रंग भरतं, मग विर्शिंगने जिथे काही दिसू नये म्हणून अंधार ठेवला, तिथे तपकिरी भिंत दिसते. जवळजवळ चौकोनी चित्र रुंद टीव्हीत बसवायला वरून-खालून कापतात. आणि आवाजातली खरखर काढताना लांबून येणाऱ्या सुराचा घुमाराही कापला जातो. प्रोग्रॅमला काय कळणार की ती खरखर नव्हे, कोपऱ्यातून चालत येणारी वीस वर्षांची मुलगी आहे! साधी, जुनी, थोडी चरे पडलेली प्रत शोधा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘मोशन स्मूदिंग’ असेल तर बंद करा, नाहीतर मधुबाला दुपारच्या मालिकेतली सून वाटते.

आमच्याकडे यंदा साडेनऊला ‘कोहरा’ आणि बाराच्या सुमारास ‘मधुमती’. मावसबहीण येणार आहे, आईनेही यंदा पहिल्यांदाच बसायचं कबूल केलंय. कागदी भोपळा मात्र घरात आणायचा नाही, एवढी एकच अट तिने घातली आहे.