गोळी घेतली, पण ताट आले नाही

पगार झाला की आमच्या कार्यालयातील आठ-नऊ जण जवळच्या खानावळीत एकत्र जेवायला जातात. शंभर-सव्वाशे रुपयांची राइस प्लेट, सगळ्यांना परवडणारी. शिपाई आणि साहेब एकाच टेबलावर. गेल्या खेपेला आमच्या भाऊसाहेबांनी सवयीप्रमाणे एक वाजता मधुमेहाची गोळी घेतली. खानावळीत गर्दी. दोन टेबले जोडून मिळेपर्यंत पाऊण तास गेला. भाऊसाहेब एकाएकी वेटरवर खेकसू लागले. "भूक लागली साहेबांना," म्हणून सगळे हसले. त्यांचा शर्ट घामाने भिजला आहे आणि हात थरथरत आहेत, हे शेजारी बसलेल्या ताईंनी पाहिले. काउंटरवरून साखर मागून त्यांनी ती पाण्यात ढवळून प्यायला दिली. पंधरा मिनिटांत भाऊसाहेब सावरले.

हॉटेलचे जेवण म्हटले की आपण तेल-तिखटाची काळजी करतो. मधुमेहात जेवणाची वेळ चुकणे त्याहून तातडीचा धोका ठरू शकते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही, हे गोळीला कळत नाही. जेवण लांबले की रक्तातील साखर घसरते आणि मेंदूला इंधन कमी पडते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही त्याचीच लक्षणे. सकाळी गोळी घेणाऱ्यांनाही दुपारचे जेवण लांबल्यास हा त्रास होऊ शकतो. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना धोका फार कमी. मात्र दोन औषधे एकत्र असलेल्या गोळ्याही बाजारात भरपूर आहेत. पाकिटावरची नावे एकदा नीट वाचा.

अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी आणि मग जेवायला बसवावे. शुगर-फ्रीची गोळी किंवा 'डाएट' शीतपेय इथे काही कामाचे नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन ताट समोर आल्यावर घेतले तर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. डोस मात्र मनाने बदलू नका.

ताटाचे म्हणाल, तर पैसे भरले म्हणून सगळे संपवलेच पाहिजे असे नाही. कोशिंबीर, मटकीची उसळ, पालेभाजी आधी खाल्ली आणि पोळी-भात नंतर घेतला, तर जेवणानंतर साखर कमी चढते. हा बदल फुकटचा आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी लोणचे-पापड शेजारच्याला द्यावे. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा. आधीपासून चिरून उघडा ठेवलेला कांदा मी तरी पावसाळ्यात खात नाही.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. साधारण नऊ प्रौढांत एकाला. म्हणजे आपल्याही टेबलावर असा कुणी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तो बहुधा सांगत नाही. "माझ्या एकट्यासाठी सगळ्यांची धावपळ नको," असे भाऊसाहेबही नंतर म्हणाले. त्यांना गोडाचा आग्रह करणारे आम्हीच होतो, हेही खरे.

आता आम्ही आदल्या दिवशी खानावळीत फोन करतो, गर्दीच्या आधी साडेबारालाच पोहोचतो आणि उशीर होणार असे दिसले तर ज्याला गरज आहे त्याचे ताट आधी मागवतो. बाकीचे आले नाहीत म्हणून तो थांबत नाही. ताईंच्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असते. एक भाऊसाहेबांच्या खिशातही.