दुपारी लागतं ते नागपूर

बुलढाणा जिल्ह्यात रेडिओ ऐकायलाही दिशा पाहावी लागे. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची एक काळी कांडी आडवी बसवलेली असते आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात. मध्यम लहरी पकडायचं काम या कांडीचं. कांडीची बाजू केंद्राकडे आली की आवाज खणखणीत, टोक केंद्राकडे गेलं की नुसती खरखर. म्हणून नागपूर ऐकायचं तर संच दक्षिणोत्तर आडवा ठेवायचा. जळगाव लावायचं तर काटा सरकवायचाच, वर संचही थोडा वळवायचा. हे शास्त्र कुणी वर्गात शिकवलं नव्हतं. पण मेहकर-चिखलीकडच्या घरांत कोनाड्यातल्या रेडिओचं तोंड ठरलेलं असे, आणि झाडलोट करताना कुणी तो नीटनेटका सरळ करून ठेवला की आतून हाक यायची, "नागपूर कोनं हालवलं वं?"

नागपूरच का? आकाशवाणीचं नागपूर केंद्र 16 जुलै 1948 ला सुरू झालं, तेव्हा बुलढाणा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि नागपूर ही राजधानी होती. 1956 साली जिल्हा मुंबई राज्यात आला, तरी कान पूर्वेकडेच राहिला. 585 किलोहर्ट्झवरचं नागपूर, 963 वरचं जळगाव, दक्षिणेकडच्या तालुक्यांना 1305 वरचं परभणी, अशी ही शेजारपाजारची केंद्रं. मुंबई इथून फार लांब. तिथल्या बायकांसाठीच्या 'वनिता मंडळ'चं नाव सगळ्यांनी ऐकलेलं. कार्यक्रम मात्र कोकणपट्टीचा आणि पुण्या-नाशकाचा.

यामागे अंतराइतकाच सूर्याचाही हात आहे. दिवसा सूर्याच्या किरणांनी वातावरणाच्या वरच्या भागात, साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर, विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो आणि वर गेलेल्या मध्यम लहरी तो गिळून टाकतो. उरते ती फक्त जमिनीलगत सरपटत येणारी लहर. तिची वारंवारता जितकी कमी तितकी ती लांब टिकते, म्हणून 585 चं नागपूर तीनशे किलोमीटर ओलांडून भर दुपारी बुलढाण्यात पोचे. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याहून उंच थरांवर आपटून परततात आणि रेडिओत परमुलुखाची गर्दी होते. मग तेलुगू, गुजराती, उर्दू, सगळं एकात एक. मध्यम लहरींवर दुपारी मात्र शेजारीच बोलणार. दुपारचा रेडिओ घरगुती वाटायचा त्याचं श्रेय सगळेजण निवेदिकांच्या गोड आवाजाला देतात. मला निम्मं श्रेय या थराला द्यावंसं वाटतं.

या शेजारच्या रेडिओच्या उलट टोकाचं यंत्रही नागपूरनेच पाहिलं. शहराजवळच्या बुटीबोरीला एक हजार किलोवॅटचा प्रक्षेपक बसवून 1988 मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. ती रात्रीची आणि साऱ्या देशासाठी. पुढे ती बंद पडली. वऱ्हाडातल्या घरांना तिचं फारसं सोयरसुतक नव्हतं.

दुपारच्या प्रसारण-सभेला आकाशवाणीत तसा मान कमीच. सकाळ भक्तिगीतांची आणि बातम्यांची, संध्याकाळ शेतकऱ्यांची आणि कामगारांची, रात्र शास्त्रीय संगीताची आणि नाटकांची. पुरुषमाणूस घरात नसण्याची वेळ तेवढी उरली. ती बायकांना आणि बोलण्याला दिली. त्या उरलेल्या वेळेत जे साचलं ते मोलाचं ठरलं. लोणच्याच्या मिठाचं प्रमाण, बाळंतिणीचा आहार, एखाद्या सुईणीची किंवा कीर्तनकार बाईची मुलाखत, श्रोत्यांची पत्रं. मोठ्या माणसांची मोठी मतं संध्याकाळी. साध्या माणसाचं साधं जगणं दुपारी. ऐकणारीचे हात तेव्हा रिकामे नसतच. धान्य निवडणं चालू असे, वाती वळणं चालू असे, नाहीतर कपाशी वेचताना धुऱ्यावरच्या बाभळीला अडकवलेला कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर असे. सेल मंदावले की ते काढून उन्हात टाकायचे. त्यावर अजून एखादी मुलाखत निघे.

हे बोलणं सहज वाटे, पण सहज नसे. वक्त्याला आधी कराराचा कागद टपालाने यायचा: विषय, तारीख, मिनिटं, मानधन. संहिता आगाऊ द्यायची, ती वाचली जायची, खटकेल ते काढलं जायचं. दहा मिनिटांचं भाषण म्हणजे हजार-अकराशे शब्द. स्टुडिओत कागदांना टाचणी चालत नसे. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं, कारण पानाची सळसळ माइकला वक्त्याच्या शब्दांइतकीच स्पष्ट ऐकू येते. लाल दिवा लागला की खोकलाही गिळायचा. बाहेर जाऊन केलेलं ध्वनिमुद्रण फितीवर असे. चूक काढायची तर फीत ब्लेडने तिरपी कापून चिकटपट्टीने जोडायची. आणि फितींचा तुटवडा कायमचा, म्हणून प्रसारण झालं की तीच फीत पुसून नव्या मुलाखतीसाठी वापरायची. गवयांच्या मैफली जपल्या गेल्या, सुईणीची मुलाखत पुसली गेली. याबद्दल कुणाला दोष द्यावा असं नाही, पण हळहळ वाटते.

बुलढाण्याची अडचण आणखी एक. इथे श्रोते भरपूर, माइक जिल्ह्याबाहेर. कवी ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करत राहिले आणि त्यांची 'शीळ' ही कविता 1930च्या दशकात जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून घरोघर गेली. मराठी भावगीताच्या पहिल्या खुणांपैकी ती एक. पुढे 1986 साली 'खूणगाठी' या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तरी कवी मेहकरातच. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांची 'मेड इन इंडिया' ही वऱ्हाडी कादंबरी तर पानावर वाचण्यापेक्षा कानाने ऐकायचीच. सरपंच पंजाबराव बोलत सुटतो आणि आपण ऐकत राहतो. रेडिओवर मात्र वऱ्हाडी बहुधा संध्याकाळच्या शेतकरी कार्यक्रमात, श्रुतिकेत आणि विनोदाला असे. दुपारी मुलाखतीला बसलेली बाई आपली बोली बाहेर ठेवून पुस्तकी मराठीत शिरायची. "म्या केलं" चं "मी केलं" व्हायचं, आणि तिच्या बोलण्यातली अर्धी चव तिथेच जायची.

आता फोनवर आकाशवाणीचं ॲप आहे. नागपूर, जळगाव, मुंबई, हवं ते लावा. कांडी नाही, दिशा नाही. पण कार्यक्रमात थेट फोन करून बोलणारी बाई आधी गाव सांगते, मग तालुका, मग नाव.

आणि माइक जिल्ह्यात आणायची वाटही 2006 पासून मोकळी आहे. त्या वर्षीच्या धोरणाने सामुदायिक रेडिओचा परवाना स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना खुला केला. शक्ती 100 वॅटपर्यंत, मनोरा 30 मीटर, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. साताऱ्याच्या दुष्काळी माणदेशात, म्हसवडला, 'माणदेशी तरंग वाहिनी' 2008 पासून 90.4 वर याच बळावर बोलते आहे आणि तिथे बायका आपल्या बोलीतच बोलतात. भेंडवळला अक्षय्य तृतीयेची घटमांडणी करणारे, खामगावच्या बाजारात चांदी घडवणारे, लोणारच्या विवराकाठी शेती करणारे, यांच्याकडे एकेका दुपारपुरता ऐवज सहज आहे. त्यासाठी नागपूरहून येणाऱ्या कराराची वाट पाहायला नको, संहिता आगाऊ धाडायला नको, आणि "म्या केलं" तसंच राहू द्यायला कुणाची हरकत नाही.