चाप्स्की, यूझेफ
(३ एप्रिल १८९६ – १२ जानेवारी १९९३). पोलिश सैनिक, चित्रकार व लेखक. जन्म प्राग येथे एका उमराव घराण्यात. १९२० च्या पोलंड–सोव्हिएट युद्धातील शौर्याबद्दल त्याला सन्मानपदक मिळाले. पुढे क्रेको व पॅरिस येथे त्याने चित्रकलेची साधना केली.

सप्टेंबर १९३९ मध्ये राखीव अधिकारी म्हणून लढत असता तो सोव्हिएट सैन्याचा बंदी झाला. स्टारोबेल्स्क (युक्रेन) येथील छावणीतील सु. ३,८०० पोलिश अधिकाऱ्यांपैकी जेमतेम ऐंशीच्या आसपास वाचले. त्यांत तो होता. नंतर ग्र्याझोव्हेट्सच्या छावणीत, १९४०-४१ च्या हिवाळ्यात, जवळ ग्रंथ नसताना केवळ स्मरणाच्या आधारे त्याने सहबंद्यांपुढे मार्सेल प्रूस्तच्या कादंबरीवर फ्रेंचमधून व्याख्याने दिली. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर जनरल आंदेर्स याने बेपत्ता अधिकाऱ्यांच्या शोधाचे काम त्याच्यावर सोपविले; मात्र सोव्हिएट अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही. १९४३ मध्ये कातीनच्या अरण्यातील सामूहिक दफने उघडकीस आली. स्टारोबेल्स्कच्या बंद्यांना मात्र १९४० च्या वसंतात खारकॉव्ह येथे ठार करण्यात आले होते.

या निष्फळ शोधाचा वृत्तांत ना न्येलुद्स्क्येय झ्येमी (१९४९, म. शी. अमानुष भूमीवर) या त्याच्या प्रमुख ग्रंथात आला आहे. मृत सहकाऱ्यांची साक्ष नोंदविणे, ही त्याच्या लेखनामागील मुख्य प्रेरणा होय. युद्धोत्तर काळात तो फ्रान्समध्ये स्थायिक झाला व कुल्तुरा या पोलिश नियतकालिकाशी निगडित राहिला. सोव्हिएट शासनाने १९९० मध्ये हत्याकांडाची जबाबदारी मान्य केली, तेव्हा तो ९४ वर्षांचा होता. पॅरिसजवळील मेझाँ-लाफीत येथे तो निधन पावला.