एकविशीतले शेलारमामा

१९१७ साली अमेरिकेत सेसिल डिमिल यांचा ‘द वुमन गॉड फरगॉट’ हा मूकपट आला. मेक्सिकोच्या अ‍ॅझ्टेक राजाची मुलगी स्पॅनिश सरदाराच्या प्रेमात पडते आणि त्याच्यासाठी शत्रूला वेशीची दारं उघडून देते!

आपल्या कोल्हापुरात १९२३ मध्ये बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ काढला. कथा ह. ना. आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीची. यातली कमलकुमारी अगदी उलट. सती जायला निघालेल्या या रजपूत विधवेला उदयभानू पळवून गडावर कोंडतो, लग्नासाठी धमकावतो. ती बधत नाही. इकडे तानाजी गड चढायला निघालेला.

अंधारातली ही चढाई पेंटरांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात टिपली. त्या काळी हे नवलच. शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली. आणि म्हातारे शेलारमामा कोण? जेमतेम एकविशीतले व्ही. शांताराम! ती पांढरी दाढी बघायला किती मजा आली असती.

पण डिमिलचा मूकपट आजही बघायला मिळतो. ‘सिंहगड’ची रिळं मात्र राहिली नाहीत.