उडालेली लाली

तैलचित्र म्हणजे टिकाऊ चित्र, असे आपण धरून चालतो. अठराव्या शतकातील इंग्रज ग्राहकही तसेच धरून चालत. त्या काळी छायाचित्र नव्हते. आपला चेहरा नातवंडांनी पाहावा अशी इच्छा असणाऱ्यास चित्रकारापुढे बसावे लागे.

सर जोशुआ रेनॉल्ड्स (१७२३-१७९२) हा या चित्रकारांचा अग्रणी आणि १७६८ साली स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमीचा पहिला अध्यक्ष. १७६४ च्या सुमारास नुसत्या मुखचित्रास तो ३० गिनी घेई, पूर्णाकृतीस १५०. वस्त्रे रंगविण्याचे काम तो पुष्कळदा पीटर टॉम्ससारख्या मदतनिसाकडे सोपवी. चेहरा मात्र स्वतः रंगवी. ग्राहक पैसे मोजी ते त्या चेहऱ्यासाठीच. आणि नेमका चेहराच पुढे फिका पडू लागला!

याचे कारण रंगात होते. गालांवरील लालीसाठी रेनॉल्ड्स किरमिजी किड्यांपासून केलेला रंग वापरी. तो रंग ताजा असता त्वचा जिवंत भासते. पण उजेडाने तो उडतो आणि खालचा शिशाचा पांढरा तेवढा उरतो. इटलीत पाहिलेल्या टिशियनच्या चित्रांतील खोल झळाळी साधावी म्हणून तो रंगांत मेण, राळ, डांबरही मिसळी. डांबर पुरते वाळत नाही. वरचा थर आकसतो आणि चित्रास भेगा पडतात. राळेमुळे आजही ही चित्रे स्वच्छ करताना जुन्या रोगणाबरोबर मूळ रंग निघून येण्याची भीती असते.

हे अज्ञानाने घडले काय? नाही. हिंगूळ अधिक टिकतो, असे त्याचा शिष्य नॉर्थकोट याने त्यास सुचविले होते. रेनॉल्ड्सने स्वतःच्या हाताकडे पाहिले आणि त्वचेत आपणास हिंगूळ दिसत नाही, असे उत्तर दिले. नॉर्थकोटनेच हे लिहून ठेवले आहे.

त्या उत्तरात चित्रकाराचा प्रामाणिकपणा आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. तो डोळ्यांशी इमान राखून होता. परंतु ग्राहकाने नातवंडांसाठी घेतलेल्या चित्रावर त्याने आपला प्रयोग केला. त्याचाच प्रतिस्पर्धी गेन्सबरो याने रंग पातळ लावले, वस्त्रेही बहुधा स्वतःच रंगविली, आणि त्याची चित्रे एकंदरीत अधिक चांगली टिकली. कलावंताने प्रयोग अवश्य करावेत. मात्र त्यांची जोखीम दुसऱ्याच्या पदरी टाकण्यापूर्वी त्यास तसे सांगावे, असे आम्हांस वाटते.