पाताळकोटचे भारिया

नवा रायपूर येथील पुरखौती मुक्तांगणात छत्तीसगढच्या आदिवासी जीवनाचे दर्शन घडविणाऱ्या कलाकृती मोकळ्या आवारात मांडलेल्या आहेत. २००६ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आम्ही तेथे हिंडत असता नागपूरकडच्या एका कुटुंबातील आठनऊ वर्षांच्या मुलाने आईला विचारले, "आई, यांत जमिनीखाली राहणारी माणसं कुठं आहेत गं?" आई हसली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सप्तपाताळांच्या कथा ऐकत वाढलेल्या मुलाने आणखी काय विचारावे? विष्णुपुराणात तर नारदमुनी पाताळाहून परत येऊन स्वर्गापेक्षाही तो लोक रमणीय असल्याचे सांगतात.

त्या मुलास खरे उत्तर त्याच्या गावाजवळच मिळाले असते. नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात, तामियाच्या पलीकडे, सातपुड्याच्या कुशीत पाताळकोट नावाची एक घोड्याच्या नालेसारखी प्रचंड दरी आहे. सुमारे ७९ चौरस किलोमीटरांच्या या दरीच्या कड्यावर उभे राहून खाली पाहिले, म्हणजे हजार-बाराशे फुटांखाली घरांची छपरे मुठीएवढी दिसतात. तळाशी दुधी नदीचा उगम आहे. रावणपुत्र मेघनाद शिवाची आराधना करून येथूनच पाताळात उतरला, अशी तेथील श्रद्धा आहे.

दरीत मुख्यतः भारिया व काही गोंड राहतात. रातेड, चिमटीपूर, गैलडुब्बा अशी त्यांची गावे. कड्यांच्या सावलीतील वस्त्यांवर ऊन उशिरा उतरते आणि लवकर निघून जाते. एवढ्यावरून बाहेरच्यांनी या लोकांस पाताळवासी ठरविले, त्यांना जगाचा स्पर्शच नाही असे लिहिले, आणि मग जो तो त्यांना पाहावयास येऊ लागला. वस्तुतः ही माणसे जमिनीखाली राहत नाहीत. तुमच्याआमच्यासारखीच आकाशाखाली राहतात. त्यांच्या वाट्याला आलेले आकाश तेवढे लहान आहे.

खरोखर भूमीच्या पोटात राहणारे लोक जगात आहेत. ट्युनिशियातील मातमाता येथे बर्बर लोकांनी खोल चौक खणून त्याच्या भिंतींत खोल्या कोरल्या. चीनच्या शान्सी प्रांतात पिवळ्या मातीच्या टेकड्यांत घरे आहेत. उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब, हे त्यामागचे साधे व्यावहारिक कारण. आपल्या शेतकऱ्यांनी पेवात धान्य साठविले, तेही मातीच्या याच गुणावर विश्वासून.

भारियांच्या चालीरीतींचेही तसेच आहे. उतारावर जंगल तोडून, जाळून त्या राखेत कोदो-कुटकी पेरण्याची त्यांची जुनी पद्धत होती. पातळ शिजविलेली पेज हे नेहमीचे अन्न. धान्य संपत आले की आंब्याच्या कोयी कामी येतात. आतला गर कडवट व तुरट असतो. तो कुटून, पाण्यात धुऊन त्याचा कडूपणा काढावा लागतो आणि मगच त्याचे पीठ खाण्याजोगे होते. आपण रस काढून जी कोय उकिरड्यावर टाकतो, ती तेथे पावसाळ्याची शिदोरी ठरते. औषधी वनस्पतींचे ज्ञान भुमका या वैद्याकडे असते. त्याची विद्या पोथीत नाही. शिष्य न मिळाला तर ती त्याच्याबरोबरच जाते. २०१९ साली मध्य प्रदेश शासनाने पाताळकोटला जैवविविधता वारसास्थळ घोषित केले, त्यामुळे झाडांना संरक्षण मिळाले. झाड ओळखणाऱ्या म्हाताऱ्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

लग्नात भडम नाच होतो. ढोल-टिमक्यांच्या साथीने वीस-तीस, कधी पन्नास-साठ पुरुष फेर धरतात. मध्येच एकजण लाकूड उंचावून पुढे येतो व दोहरा म्हणतो, की पुन्हा ढोल घुमू लागतात. स्त्रियांचा नाच सैताम. हातांत मंजिऱ्या घेऊन त्या समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात. एकीने गावे, बाकीच्यांनी ते झेलावे. आपल्या भोंडल्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

हे लोक जगापासून तुटलेले होते, असे म्हणणाऱ्यांनी मिठाचा विचार करावा. मीठ दरीत पिकत नाही. त्यासाठी वर यावेच लागे. मध्य भारतातील अरण्यप्रदेशात व्यापारी मिठाच्या मापाला चारोळीचे माप घेत, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. म्हणजे जग त्यांच्यापर्यंत पोचले होते, फक्त तराजू घेऊन पोचले होते. आता दरीतील काही गावांपर्यंत रस्ते उतरले आहेत.

हे सारे ऐकून तो मुलगा खट्टू झाला. पाताळात नाग नाहीत, मण्यांचा उजेड नाही! थोड्या वेळाने मात्र त्याने आईला हळूच विचारले, "आपल्या श्रीखंडातली चारोळी तिथलीच का गं?" आईला उत्तर देता आले नाही. दुकानदाराला आपण ते कधी विचारतच नाही.