‘फोटो काळा आला’ म्हणण्याआधी

आपल्या कोणत्याही घरात शिरा. समोरच्या भिंतीवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेब असतात, आणि त्यांच्या जरा खाली, हार घातलेले, त्या घरातले गेलेले माणूस असते. आई, आजोबा, कधी अकाली गेलेला तरणा मुलगा. वाचकांनी हा अंक घटकाभर बाजूला ठेवून आपल्या घरातील या खालच्या फोटोकडे निरखून पाहावे. पुष्कळ घरांत असे आढळेल की, फोटोतले माणूस आपल्याला आठवते तसे नाही. ते उजळ झाले आहे. गालांवर गुलाबी छटा आली आहे, कपाळावरच्या आठ्या गेल्या आहेत आणि ज्याने उभ्या आयुष्यात कधी कोट घातला नाही त्याच्या अंगावर कोट आला आहे. कोटाबद्दल आमची तक्रार नाही. बाबासाहेबांनी कोट घालून आपल्याला मान ताठ ठेवायला शिकविले. तेव्हा आजोबांना मेल्यावर का होईना कोट मिळाला तर बिघडले कुठे? तक्रार आहे ती रंगाची.

आमची आई गेली तेव्हा तिचा एकच धड फोटो होता, तोही एका लग्नातल्या घोळक्यातला. तो मोठा करायला एका स्टुडिओत दिला. चार दिवसांनी जी बाई फ्रेममध्ये बसून घरी आली ती आमची आई नव्हती. रंग गोरा, चेहरा मेणासारखा गुळगुळीत, आणि हनुवटीवर तीन ठिपक्यांचे जे गोंदण होते ते पुसलेले. स्टुडिओवाल्याने वाईट हेतूने केले असे नाही. त्याला वाटले, आपण चांगले करून दिले. आम्हीही काही बोललो नाही. पैसे दिले, फोटो घेतला, भिंतीवर लावला. धाकटी बहीण आली, तिने फोटोकडे पाहिले आणि विचारले, “आईचं गोंदण कुठं गेलं?” मूळ फोटो तोवर गहाळ झाला होता.

इतके सोसलेल्या माणसाने पुढे काळ्या चेहऱ्याच्या फोटोबद्दल तरी जपून बोलावे की नाही? आमच्या हातून मात्र जे घडले, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आमच्या वस्तीत मुलांची अभ्यासिका चालते. मागील हिवाळ्यात त्यातील चौदा मुलामुलींना घेऊन आम्ही दोन रात्रींच्या शिबिरासाठी सूर्यमाळला गेलो होतो. कसाऱ्याला लोकलमधून उतरायचे आणि विहीगाव, खोडाळा करीत वर चढायचे. मोखाडा तालुक्यातले हे उंचावरचे गाव. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले. माळावर वारा असा की मुलांनी पहिल्या रात्री घोंगड्याबाहेर नाक काढले नाही. तालुक्यात नव्वद टक्क्यांहून अधिक वस्ती आदिवासींची, वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी. पावसाळ्यात नागली, वरई आणि भात. पीक निघाले की निम्मे गाव वीटभट्टीवर नाही तर बांधकामावर.

या जव्हार-मोखाड्याचे आणि कॅमेऱ्याचे नाते जुने आहे आणि ते फार सुखाचे नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला या डोंगरांचे नाव कळले. बरगड्या निघालेल्या मुलांचे फोटो वर्तमानपत्रांतून छापून आले. त्या फोटोंनी सरकारला जागे केले हे मान्यच केले पाहिजे. पण छापलेला फोटो त्या मुलाच्या आईला नेऊन कुणी दाखविला असेल, असे आम्हाला वाटत नाही. आता रस्ते झाले, मोबाईल आले, पावसाळ्यात धबधबे पाहायला पर्यटक येतात. त्यांना तारप्याचा नाच आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई हवी असते. दुःखी आदिवासी किंवा नाचणारा आदिवासी. सकाळी अंगणात बसून शेंगा सोलणारी, नातवावर ओरडणारी, नाव-गाव असलेली बाई त्या फोटोत सापडत नाही.

म्हणून शिबिरात आम्ही एक खेळ ठेवला. प्रत्येकाने गावातील एका माणसाशी तासभर बोलायचे, त्याची परवानगी घेऊन एकच फोटो काढायचा, संध्याकाळी सर्वांनी मिळून ते फोटो पाहायचे आणि त्यांवर बोलायचे. गावातली मुलेही येऊन बसली.

नववीतल्या एका मुलीने तिच्या आईच्या जुन्या मोबाईलवर एका आजीचा फोटो काढला होता. आजी पडवीच्या कडेला बसलेल्या, मागे उजळ माळ आणि आभाळ. चेहरा जवळजवळ अंधारात. फोटो पाहिल्याबरोबर आमच्या तोंडून निघून गेले, “अगं, फोटो काळा आलाय. नीट बघून काढायचा ना!” लगेच एका पोराने जोड दिली, “आजीच काळी आहे, मग फोटो काळाच येणार.” सगळे हसले. आम्हीही, खोटे कशाला सांगावे, जरा हसलो. त्या आजीचा सहावीतला नातू कोपऱ्यात बसला होता. तो उठला आणि निघून गेला. मुलीने मोबाईल बंद केला आणि नंतर कुणाच्या फोटोवर एक शब्द बोलली नाही.

त्या रात्री आम्हाला आईच्या हनुवटीवरचे पुसलेले गोंदण फार वेळ दिसत राहिले.

आमच्या बोलण्यात चूक काय होती? एक तर ते खरे नव्हते. दोष चेहऱ्याचा नव्हता, उजेडाचा होता. मोबाईलचा कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो; यात माणूस कोणता आणि आभाळ कोणते हे त्याला आपण सांगावे लागते. मागे लख्ख आभाळ असले की तो एकूण उजेड कमी करतो आणि पुढचे माणूस अंधारात जाते. गोरा माणूस बसविला असता तरी चेहरा अंधारातच गेला असता. उपाय दोन मिनिटांचा आहे. काढणाऱ्याने अंगणात यावे, आजींचे तोंड उजेडाकडे करावे, पडद्यावर त्यांच्या चेहऱ्याला बोट लावावे म्हणजे कॅमेरा तिथला उजेड धरतो. भर दुपारचे डोक्यावरचे ऊन टाळावे, त्याने डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. पडवीची किंवा झाडाची सावली बरी. फार जवळ जाऊन काढले तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात, म्हणून दोन-तीन पावले मागे सरावे. एवढे आम्हाला ठाऊक होते. पण ठाऊक असलेले सांगण्याऐवजी आम्ही शेरा मारला. हपिसात साहेब फायलीवर मारतो तसा.

तरीही ‘काळा आला’ हे शब्द जिभेवर इतके तयार कसे असतात, याचा विचार केला तर दोष आपल्या एकट्याचा नाही. परदेशात रंगीत फोटोंचे रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी छपाई करणाऱ्यांना एका गोऱ्या तरुणीचा नमुना-फोटो पाठवीत असे. शर्ली हे तिचे नाव, म्हणून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी नीट उतरली की सगळे बरोबर, असा हिशेब. सावळ्या-काळ्या माणसांचे चेहरे मग मातीच्या गोळ्यासारखे उतरत. शाळेतल्या सामुदायिक फोटोंमध्ये गोरी मुले स्पष्ट आणि काळ्या मुलांचे नुसते डोळे व दात, अशा आयांच्या तक्रारी होत्या. पण कंपनीला जाग आली ती लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा, की आमच्या मालातल्या तपकिरी छटा फोटोत वेगळ्या दिसत नाहीत! आयांपेक्षा चॉकलेटचे म्हणणे आधी ऐकले गेले. अगदी अलीकडे, २०२१ साली, गूगल कंपनीने आपल्या मोबाईलमध्ये सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे रंग खरे यावेत म्हणून सुधारणा केली आणि ती जाहिरात करून सांगितली. म्हणजे तोवर ते खरे येत नव्हते याची ही कबुलीच म्हणायची.

अमेरिकेतील फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीतून १८३८ साली निसटलेले गृहस्थ. एकोणिसाव्या शतकातल्या कोणत्याही अमेरिकन माणसापेक्षा त्यांचे फोटो जास्त निघाले, आज त्यातले सुमारे १६० माहीत आहेत. ते मुद्दाम काढवून घेत. कारण गोरे चित्रकार काळ्या माणसाचा चेहरा काढताना आपल्या मनातला काळा माणूस काढतात, समोरचा नव्हे, असे त्यांनी १८४९ साली आपल्या वर्तमानपत्रात लिहिले होते. गंमत म्हणजे एका पुस्तकात त्यांचे स्वतःचे चित्र फारच सौम्य, गोड चेहऱ्याचे छापले होते, त्यालाही त्यांनी हरकत घेतली. फोटोत ते सहसा हसत नसत. बाबासाहेबांच्या भिंतीवरच्या फोटोकडे पाहणाऱ्याला यातले मर्म समजावून सांगावे लागणार नाही. बाबासाहेबांचेही रंगीत कॅलेंडरांवरचे चेहरे वर्षागणिक गुलाबी होत चालले आहेत, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. कल्याणच्या विजय सुरवाडे यांनी अनेक वर्षे खपून बाबासाहेबांची मूळ छायाचित्रे जमविली, ती ज्यांनी पाहिली असतील त्यांना फरक कळेल.

आणि आपल्यातलेच सुधारक ओलवे पाहा. मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षे काढले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या किती तरी घरांतले बाप-काका त्या खात्यात राबले. त्या फोटोत घाण आहे, गटार आहे. पण त्यातला माणूस आपल्याकडे खालून पाहत नाही.

मग फोटो दाखविणाऱ्याशी बोलावे कसे? ‘छान आहे’ म्हणून मोकळे होणे हे तर शेरा मारण्याइतकेच निरुपयोगी. त्यातून शिकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आपल्या परंपरेत याचे उत्तर आहे. दुसऱ्याची चूक दाखविणाऱ्या भिक्खूने आधी स्वतःला पाच गोष्टी विचाराव्यात, असे विनयात सांगितले आहे. वेळ योग्य आहे काय, बोलणे खरे आहे काय, शब्द मृदू आहेत काय, त्यातून हित होईल काय आणि मनात मैत्री आहे काय. आमचे ते एक वाक्य या पाचांपैकी एकाही कसोटीला उतरले नसते. चारचौघांत बोललो, चुकीचे बोललो, टोचून बोललो, उपाय सांगितला नाही, आणि मनात मैत्रीपेक्षा आपले शहाणपण दाखविण्याची हौस अधिक होती.

ऐकून घेणाऱ्यासाठीही धम्मात सोय आहे. वर्षावास संपला की अश्विन पौर्णिमेला पवारणा होते. प्रत्येक भिक्खू, मग तो कितीही ज्येष्ठ असो, हात जोडून संघाला विनंती करतो की, माझ्यात काही उणे पाहिले, ऐकले वा शंका आली असेल तर मला सांगा. खुद्द भगवान बुद्धांनीही भिक्खूंना असे विचारल्याची नोंद संयुत्त निकायात आहे. दोष दाखवा अशी मागणी ज्याने आपण होऊन केली, त्याचा अपमान होण्याचा प्रश्नच उरत नाही. उपासक वर्गाने ही रीत विहारापुरती ठेवून घरी का आणू नये, हे आम्हाला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीची आम्ही माफी मागितली, सर्वांसमोर, कारण बोललो होतो तेही सर्वांसमोर. मग तिला विचारले, “हा फोटो आजींना दाखवलास का?” ती म्हणाली, “नाही काका. काळा आलाय ना.” तिला घेऊन आजींच्या घरी गेलो. नातू दारातच होता, आमच्याकडे न पाहता आत गेला.

आजींनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. काळे-गोरे याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी विचारले, माझे हात कुठे गेले? फोटो गळ्यापर्यंतच होता. मी सुपात नागली पाखडत होते, या पोरीशी बोलतानाही हात थांबवले नव्हते, मग नुसते तोंड कशाला घेतले? आणि दुसरे म्हणजे, मी खाली बसलेली आणि ही उभी, त्यामुळे मी वर मान करून काही मागत असल्यासारखी दिसते.

आम्ही इतकी पुस्तके वाचली, पण फोटोकडे पाहून हे दोन्ही दोष आमच्या ध्यानात आले नव्हते. मुलीने तिथेच विचारले, “आजी, मग कसा काढू?” आणि आजींनी सांगितले. सूप घेतले, अंगणात तोंड करून बसल्या, नातवाला हाक मारून शेजारी बसविले. मुलगी त्यांच्यासमोर मातीत बसली, पडद्यावर चेहऱ्याला बोट लावले आणि थांबली. आजी पाखडायला लागल्यावर फोटो काढला. कपाळावरचे गोंदण स्वच्छ आले आहे. हातांच्या शिरा आल्या आहेत. रंग आहे तोच आला आहे.

फेब्रुवारीत कामानिमित्त खोडाळ्याला जाणे झाले तेव्हा त्या मुलीला आणि तिच्या आईला सोबत नेले. फोटोची मोठी प्रत काढून काच लावून घेतली होती. स्टुडिओवाल्याला आधीच बजावले होते की काहीही उजळ करायचे नाही. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मागे आजींचे नाव, गाव आणि तारीख मुलीने आपल्या हाताने लिहिली. नातवाने फोटो घेतला, आधी स्वतःला शोधले आणि मग आत जाऊन भिंतीवर जागा पाहू लागला. निघताना आम्ही म्हटले, आजींचा आणि या मुलीचा एक फोटो आपणही काढावा. दोघी पडवीत शेजारी बसल्या. आम्ही काढला आणि मोबाईल मुलीपुढे धरून म्हणालो, “काही चुकलं असेल तर सांग.”

तिने पाहिले, जरा घुटमळली. “काका, तुम्ही उभं राहूनच काढलात.”

आमचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. पण बसलो, आणि पुन्हा काढला.